तारीख आणि ताण : ‘२२ जून १८९७’ची बलस्थाने आणि मर्यादा

मराठी समीक्षाव्यवहारात ‘रहस्य’ आणि ‘उत्कंठा’ या दोन संज्ञा पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. ‘रहस्यपट’ हा शब्द रूढ झाल्यामुळे तर उत्कंठा म्हणजे काहीतरी दडवून ठेवणे, असाच समज दृढ झाला आहे. वास्तविक या दोन गोष्टी परस्परविरोधी म्हणाव्यात इतक्या वेगळ्या आहेत. रहस्यात प्रेक्षकाला पात्रापेक्षा कमी ठाऊक असते, तर उत्कंठेत अधिक. त्रुफोने घेतलेल्या आणि १९६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देऊन हा भेद सांगितला होता. बॉम्ब अचानक फुटला तर क्षणभराचा धक्का बसतो. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि टेबलाभोवतीच्या माणसांना कळले नाही, तर त्यांच्या क्षुल्लक गप्पाही असह्य होतात. या भेदाच्या आधारे पाहिले तर मराठीतील उत्कंठेचा एक महत्त्वाचा चित्रपट रहस्यपटांच्या यादीत सहसा सापडत नाही, याचे नवल वाटत नाही. त्याने आपले सारे रहस्य शीर्षकातच सांगून टाकले आहे.

नचिकेत आणि जयू पटवर्धन या वास्तुविशारद दांपत्याचा ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट १९७९चा. पटकथालेखनात शंकर नाग यांचा सहभाग होता आणि आनंद मोडक यांची संगीतकार म्हणून चित्रपटातील सुरुवात येथूनच झाली. टिळकांच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर होते. ‘अर्धसत्य’मधील रामा शेट्टीमुळे हे नाव सर्वतोमुखी होण्यास अजून चार वर्षे अवकाश होता. चित्रपटाला कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे ‘अनंतयात्रा’ (१९८५) व ‘लिमिटेड माणुसकी’ (१९९५) हे चित्रपट याच दांपत्याने केले. ‘सामना’ (१९७५) आणि ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटांनी मराठीत जी वाट मोकळी केली होती, तिच्यावरचा हा पुढचा टप्पा. त्याच वर्षी आलेल्या ‘सिंहासन’ने वर्तमान सत्तेचा पट मांडला, तर ‘२२ जून १८९७’ने ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका रात्रीकडे पाहिले.

ती रात्र युद्धातली होती काय? औपचारिक अर्थाने नव्हती. १८९६च्या अखेरीस मुंबईहून प्लेग पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख म्हणून दाखल झाला. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत शहरातील घरांची झडती घेण्यात आली, आणि ती घेतली सैनिकांनी. डरहॅम लाइट इन्फंट्रीचे गोरे शिपाई पेठांमधून तुकड्यातुकड्यांनी फिरत होते. रोगाविरुद्धची मोहीम लष्करी शिस्तीने, लष्करी पोशाखात आणि लष्करी परिभाषेत चालविली गेल्यावर ज्यांच्या घरात ती शिरली त्यांनी तिला परचक्र मानले, यात आश्चर्य नाही. दामोदर हरी चाफेकर यांच्या मनात तर ते युद्धच होते. त्या अर्थाने व्याप्त शहर, परकी फौज, गुप्त कट, फितुरी आणि सूड हे युद्धकालीन उत्कंठापटाचे सर्व घटक या विषयात मुळातच आहेत. मराठी चित्रपटाला युद्धपटाच्या इतके जवळ नेणारा दुसरा विषय क्वचितच सापडेल.

वास्तुविशारदांनी हा विषय हाताळावा, हे केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखे नाही. प्लेगची झडती म्हणजे प्रथमतः वास्तूवरचे आक्रमण होते. पुण्यातील वाड्याची रचना माणसाला टप्प्याटप्प्याने आत घेते : दिंडी, चौक, ओसरी, माजघर, देवघर. कोणी कोठवर यावे हे न सांगता ठरलेले असते. बूट घातलेला शिपाई एका दमात देवघरापर्यंत पोचतो, तेव्हा ही सारी अलिखित व्याकरणे एकाच वेळी मोडतात. चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाचा जो गौरव झाला त्याकडे केवळ जुन्या वस्तू नेटकेपणाने मांडल्याचे कौतुक म्हणून पाहणे अपुरे आहे. येथे अवकाश हाच कथानकाचा हेतू आहे. घराच्या आतबाहेरचा अर्थ प्रेक्षकाला कळला नाही, तर गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाडलेल्या गोळीचाही अर्थ कळणार नाही. शिवाय १९७९च्या प्रेक्षकासमोर आणीबाणीचा अनुभव ताजा होता. लोककल्याणाच्या नावाने सत्ता घरात आणि शरीरापर्यंत पोचते म्हणजे काय होते, हे त्याला नसबंदीच्या मोहिमेमुळे वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

आता त्या रात्रीकडे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा समारंभ गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या निवासस्थानी होता. टेकड्यांवर होळ्या पेटविल्या होत्या, रस्त्यावर गर्दी होती. संध्याकाळी रँडची गाडी समारंभाकडे जाताना चाफेकर बंधूंना दिसली होती. पण गर्दी आणि उजेड यांमुळे त्यांनी ती जाऊ दिली. तेथून मध्यरात्रीपर्यंत त्यांनी वाट पाहिली. बरोबर आणलेल्या तलवारी त्यांनी एका मोरीखाली लपवून ठेवल्या, आणि परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेतून नेमकी गाडी ओळखण्यासाठी ‘गोंद्या आला रे’ अशी हाळी ठरली होती. ती ऐकू येताच दामोदरने गाडीवर मागून चढून रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट आपल्या पत्नीसह होता. बाळकृष्णाने त्याच्यावर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच मरण पावला. रँड ३ जुलैपर्यंत ससून रुग्णालयात जगला.

पटकथाकाराला इतिहासाने याहून अधिक आयती सामग्री क्वचितच दिली असेल. सोडून दिलेली पहिली संधी, आतषबाजीच्या उजेडात अंधाराची वाट पाहणे, एका क्षुल्लक नावाला आलेले संकेताचे वजन या साऱ्या गोष्टी आधीच रचलेल्या आहेत. चित्रपटाने त्यांचा उपयोग करताना शीर्षकासाठी मात्र तारीख निवडली, हाळी निवडली नाही. २०१९ साली याच विषयावर आलेल्या मालिकेने ‘गोंद्या आला रे’ हेच नाव घेतले. दोन नावांमधील हा फरक दोन काव्यशास्त्रांमधील फरक होय. हाळी प्रेक्षकाला कटात सामील करून घेते, तर तारीख त्याला दप्तरखान्यात नेऊन बसविते. तारखेचे नाव धारण करणारी कलाकृती प्रारंभीच सांगून टाकते की जे घडावयाचे ते घडून गेले आहे आणि आता ते कसे घडले एवढेच पाहावयाचे उरले आहे. नक्षत्रांसारखी दूर आणि अचल अशी ती तारीख पात्रांना दिसत नाही, प्रेक्षकाला दिसते. टेबलाखालचा बॉम्ब येथे पंचांगात ठेवलेला आहे.

हे तंत्र पाश्चात्त्य चित्रपटातून उसने घेतले आहे असे म्हणणे सोपे, पण चुकीचे ठरेल. चाफेकरांचे घराणे चिंचवडचे आणि वडील हरिपंत कीर्तनकार. वादकांचा खर्च परवडेना म्हणून मुलेच साथीला उभी राहत. ज्या घराचा चरितार्थ कीर्तनावर चालला, त्या घराला ज्ञात शेवटाची उत्कंठा नवी असण्याचे कारण नव्हते. उत्तररंगात लावलेल्या आख्यानाचा शेवट समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. जरासंध मरणार आहे, कीचक मरणार आहे, अफझलखान मरणार आहे. तरी श्रोता जागचा हलत नाही. त्याला काय होणार याची ओढ नसते, केव्हा होणार याची असते आणि बुवा तो क्षण किती लांबवितात याची असते. चित्रपटाचे नाते या परंपरेशी जोडून पाहिले, की त्याची सर्वांत मोठी शक्ती आणि सर्वांत मोठी अडचण या दोन्ही एकाच जागी सापडतात. कारण कीर्तनात आख्यानाआधी पूर्वरंग असतो. अभंग, निरूपण, सिद्धान्त हे सर्व आधी येते आणि वध हा त्या सिद्धान्ताचा दाखला ठरतो. चित्रपटाने आख्यान घेतले आणि निरूपण वगळले. आधुनिक वास्तववादी कलाकृती म्हणून ते योग्यच होते. परंतु निरूपणावाचून उभा राहिलेला वध प्रेक्षकाच्या हाती उघडा पडतो, आणि त्याचे काय करावयाचे हा प्रश्न ज्याच्या त्याच्याकडे सोपविला जातो.

याच प्रश्नाची एक उत्तर-आवृत्ती १८९७च्या न्यायालयातही रचली गेली होती, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तान्त आला. त्यात अफझलखानवधाची चर्चा होती. आठवडाभराने रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरात अठरा महिन्यांची शिक्षा. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील ‘अप्रीती’ या संकल्पनेचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला. आख्यान आणि कृती यांच्यात केवळ दिवसांचे अंतर आहे म्हणून कार्यकारणभाव आहे, असे मानण्याची ओढ त्या काळच्या सरकारी मनात होती. चित्रपटाचा घटनाक्रमही हेच अंतर वापरतो. दिवसामागून दिवस मांडत गेल्यावर प्रत्येक आधीची गोष्ट नंतरच्या गोष्टीचे कारण भासू लागते. दिनदर्शिकेच्या रूपबंधातला हा मोह आहे, आणि त्यातून सुटणे कोणत्याही कालानुक्रमी कथनाला अवघड जाते.

युद्धकालीन उत्कंठापटांशी तुलना केली तर आणखी एक मूलभूत फरक जाणवतो. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ (१९६१) घ्या. तोफा ठराविक वेळेत निकामी झाल्या नाहीत, तर अडकून पडलेले दोन हजार सैनिक मरणार आहेत. घड्याळ चालू आहे आणि नायकांची हिंसा त्या घड्याळाच्या जोरावर क्षम्य ठरते. पुण्यात असे घड्याळ नव्हते. झडत्या १९ मेला थांबल्या होत्या. २२ जूनच्या रात्री रँडला मारल्याने कोणाचीही झडती टळणार नव्हती. ती कृती सूडाची होती, फार तर इशाऱ्याची. बचावाची ती नव्हती. हा महिन्याभराचा रिकामा काळ विषयातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. प्रतीक्षेच्या ताणात तो विसरला जातो. उत्कंठेची यंत्रणा नैतिकदृष्ट्या आंधळी असते, हे हिचकॉकनेच ‘सायको’मध्ये दाखवून दिले आहे. दलदलीत बुडणारी गाडी मध्येच थांबते तेव्हा ती बुडावी असे प्रेक्षकाला वाटते. जो वाट पाहत असतो त्याच्या बाजूने प्रेक्षक नकळत जातो, मग तो कोणीही असो.

म्हणूनच आयर्स्टचा मृत्यू ही या कथेची खरी कसोटी ठरते. तो प्लेग समितीत नव्हता. मागच्या गाडीतील माणसांविषयी आलेल्या संशयापलीकडे त्याला मारण्याचे कारण नव्हते. ‘सॅबोटाज’ (१९३६) या आपल्या चित्रपटात बॉम्बचे पुडके नेणाऱ्या निरपराध मुलाला मारले ही चूक झाली, असे हिचकॉक पुढे मान्य करीत असे. ताण वाढवून प्रेक्षकाला त्याचा परतावा दिला नाही, असे त्याचे म्हणणे. इतिहासाला अशी दुरुस्ती करता येत नाही. आयर्स्टची विधवा गाडीत बसलेली आहे. राष्ट्रीय स्मरणात मात्र या मृत्यूला ‘रँड आणि आयर्स्ट’ या जोडनावाच्या उत्तरार्धापलीकडे जागा मिळाली नाही. दोन नावे ‘आणि’ने जोडली की दोन्ही सारखीच अपराधी वाटू लागतात. अव्ययांचे राजकारण असे असते.

दुसरी अडचण रचनेची आहे. शीर्षकातील तारखेच्या पोटात दोन मृत्यू आहेत. तिच्यानंतर आणखी सहा. वीस हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, गणेश व रामचंद्र द्रविड या बंधूंनी माहिती दिली, दामोदर पकडला गेला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फासावर गेला. ८ फेब्रुवारी १८९९ला वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना ठार केले. त्या वेळी वासुदेव विशीतही पोचला नव्हता. मे महिन्यात आठ, दहा आणि बारा तारखेला वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण फाशी गेले. तेरा महिन्यांच्या आत एका घरातले तीन भाऊ संपले. या उत्तरार्धाची जातकुळी पूर्वार्धाहून भिन्न आहे. पूर्वार्धात शत्रू परका आहे, उत्तरार्धात शेजारी. फ्रिट्झ लांगने युद्ध चालू असतानाच केलेल्या ‘हँगमेन ऑल्सो डाय!’ (१९४३) या चित्रपटात हायड्रिशच्या वधानंतर प्राग शहर एका फितुराला संगनमताने खुनी म्हणून सरकारच्या गळ्यात बांधते. तेथे समाज एकसंध आहे आणि फितूर हा सुटा अपवाद आहे. ही सोय कल्पिताला होती. पुण्यात फितूर आणि क्रांतिकारक एकाच शहरातले, एकाच जातीतले आणि एकमेकांच्या ओळखीचे होते. ती शोकांतिका आहे, आणि शोकांतिकेला उत्कंठेचा घाट अपुरा पडतो. एका चित्रपटात हे दोन्ही मावविण्याचा प्रयत्न करताना बावीस जूनची रात्र शिखर होऊन बसते आणि नंतरची उतरण केवळ परिणाम म्हणून पाहिली जाते. शीर्षकाने जे मिळविले ते शीर्षकानेच गमावले, असे याबाबत म्हणावे लागते.

तिसरी मर्यादा या चित्रपटापुरती नाही, ती सबंध विषयाच्या स्मरणाला लागू आहे. झडतीचा अपमान प्रामुख्याने स्त्रियांच्या शरीरावर झाला. त्याची तक्रार पुरुषांनी केली, त्याचा सूडही पुरुषांनी घेतला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ साली इंग्लंडमध्ये शिपायांच्या अत्याचारांविषयी विधाने केली. पुण्याहून आलेल्या पत्रांवर ती आधारलेली होती. परत आल्यावर पुरावा उभा राहिना, म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुरावा न मिळण्याचे कारण उघड होते. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांनी तोंड उघडणे म्हणजे आणखी एक अप्रतिष्ठा होती. पंडिता रमाबाईंनी मात्र आपल्या आश्रमातील मुलीच्या बाबतीत वृत्तपत्रातून उघड तक्रार केली. दृश्यमाध्यमाला येथे एक विलक्षण अधिकार मिळतो. गोखल्यांना जे सिद्ध करता आले नाही ते कॅमेरा नुसते दाखवून सिद्ध करतो. पण त्यातही स्त्री साक्षीदार होत नाही, साक्षीचा विषय होते.

याच शहरात, झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. प्लेगला दिलेला हाही एक प्रतिसाद होता. त्यात गोळी नाही, प्रतीक्षा नाही, संकेताची हाळी नाही, म्हणून उत्कंठापटाच्या हाती तो लागत नाही. चाफेकरांच्या पुण्यात सावित्रीबाईंना जागा नव्हती, हेही खरे. येरवड्यात लिहिलेल्या आत्मवृत्तात दामोदर सुधारकांचा द्वेष लपवीत नाही. मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकिकत जितक्या अभिमानाने येते तितक्याच अभिमानाने सुधारकांवरच्या हल्ल्याचीही येते. परकी सत्ता आणि घरातली सुधारणा ही त्याच्या दृष्टीने एकाच संकटाची दोन तोंडे आहेत. हे आत्मवृत्त वाचलेल्या वाचकाला चित्रपटाचा संयम दोन प्रकारे दिसू शकतो. नायकाला देवघरात बसविले नाही, हा त्याचा मोठेपणा. ज्या विचाराने त्या हाताला पिस्तूल दिले त्या विचाराची झाडाझडती घेतली नाही, हा उणेपणा. मात्र संयमी चित्रणाला भक्तीही आत शिरू देते आणि चिकित्साही. स्मारकाला ते साधत नाही.

चिंचवडगावात स्मारके आहेत. चाफेकरांचा वाडा जतन केलेला आहे, चौकाला त्यांचे नाव आहे, आणि दामोदरच्या नावाचे टपाल तिकीट २०१८ साली निघाले. चित्रपट आला तेव्हा पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका व्हायला तीन वर्षे बाकी होती, पण मोरया गोसावींचे गाव तोवर कारखान्यांनी वेढले गेले होते. चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात आज राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे राहतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना चाफेकर हे प्रथम एका बसथांब्याचे नाव म्हणून भेटतात. पुतळ्यापाशी थांबलेल्या अशा माणसाला तारीख सांगावी लागते, आणि तारीख सांगितली की गोष्ट सांगावी लागते. याच गावाला लागून पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. तेथे पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले, आणि प्लेगवरचे पहिले खरोखर गुणकारी औषध म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते हेच. रँडच्या शिपायांपाशी डोळे, हात आणि बळजबरी याखेरीज दुसरे साधन नव्हते. हे लक्षात घेऊन त्या झडत्या पुन्हा पाहिल्या, की क्रूरतेच्या जोडीला तेथे एक हतबलताही दिसू लागते. देशभक्तीच्या उत्कंठापटात तिला प्रवेश मिळणे कठीण.

मार्च २०२०मध्ये राज्यातील पहिले करोनाबाधित पुण्यात आढळले आणि १८९७चा तोच साथरोग कायदा पुन्हा अंमलात आणला गेला. घराच्या दारावर चिठ्ठी, रुग्णाला घेऊन जाणारी गाडी, विलगीकरणाच्या नावाने तुटलेली ताटातूट. चार दशकांपूर्वीच्या चित्रपटातील जे भाग तोवर पार्श्वभूमी वाटत होते ते या काळात पुढे आले, आणि जो भाग शिखर वाटत होता तो काहीसा मागे गेला. शेवट ठाऊक असलेल्या कथेत नवे पाहण्यासारखे काय उरते, या प्रश्नाचे एक उत्तर तेथे मिळाले.

रँड ज्या वास्तूतून परतत होता ती गव्हर्नरची कोठी आता विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. २०१४पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. गणेशखिंडीचा रस्ता तोच आहे.